एक अपघात झाला, दुसरा होऊ द्यायचा नाही



आमच्या इंदिरानगरला लागूनच मुंबई-आग्रा महामार्ग जातो. घोटी-इगतपुरीकडच्या भाजीपाल्याच्या पिकअप, काळीपिवळी जीपगाड्या याच रस्त्याने नाशकात येतात. आपल्यातल्या कितीतरी जणी त्यात बसून ये-जा करतात. म्हणून आज बोलू या रस्त्यावर उतरून जीव वाचवणाऱ्यांबद्दल. रुग्णवाहिकेतले डॉक्टर आणि चालक, पोलीस, अग्निशमन दलाचे जवान, क्रेनवाले.

जखमीला उचलताना या माणसांची पाठ येणाऱ्या गाड्यांकडे असते. त्यांना मागचं दिसत नाही, आपल्याला मात्र पुढचं दिसतं. म्हणून त्यांना सांभाळायचं काम आपलं.

५ ऑक्टोबर २०२२, दसऱ्याचा दिवस. मुंबईच्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवर पहाटेच्या अंधारात एक अपघात झाला होता. जखमींसाठी रुग्णवाहिका आली, सेतूचे कर्मचारी मदतीला उतरले. तेवढ्यात मागून एक भरधाव मोटार त्यांच्यात घुसली. पाच जण गेले. त्यांत मदतीला आलेले कर्मचारीही होते.

असं का होतं? ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. समोर माणूस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एक-दीड सेकंद जातो. तेवढ्यात दोन-तीन एसटी एकामागे एक मावतील एवढं अंतर गाडी कापते. ब्रेक लागतो तो त्यानंतर. गाडी मालाने भरलेली असेल, रस्ता ओला असेल, तर थांबायला आणखी जागा लागते.

मग करायचं काय? लांबून लाल-निळे दिवे दिसले की लगेच वेग कमी करायचा. आरशात मागचं बघून, इशारा देऊन, पलीकडची लेन धरायची. मोकळी लेन नसेल तर अगदी हळू जायचं. बघायला थांबायचं नाही, मोबाइलवर चित्रण करायचं नाही. टँकर किंवा टेम्पो उलटला म्हणून सांडलेला माल गोळा करायला तर मुळीच धावायचं नाही. गर्दी झाली की रुग्णवाहिकेची वाट अडते आणि मागून येणाऱ्या गाडीपुढे आपणच उभ्या असतो.

अमेरिकेत सगळ्या ५० राज्यांत, अशा उभ्या वाहनाजवळून जाताना लेन बदलायची किंवा वेग कमी करायचा, असा कायदा आहे. आपल्याकडे २०१९च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनुसार, रुग्णवाहिका किंवा अग्निशमनच्या गाडीला वाट न देणाऱ्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

अपघात आपल्यासमोरच झाला आणि मदत अजून पोचली नसेल, तर १०८ किंवा ११२ला फोन करा. गाव, जवळचा पूल किंवा बोगदा, गाडी कोणत्या दिशेला जात होती, हे नीट सांगा. घाबरू नका. चांगल्या मनाने मदत करणाऱ्याला त्याच कायद्याने संरक्षण दिलं आहे.

आपण गाडी चालवत नसलो तरी गाडीत बसलेल्या असतो ना? मग बोला. “दादा, पुढे दिवे दिसतात, हळू घ्या,” एवढं म्हणायला लाजू नका. घरी नवऱ्याला, मुलाला, भावाला सांगा. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत दहा मिनिटं हाच विषय काढा. आपल्या गावातून रोज पिकअप घेऊन निघणाऱ्यांनाही त्या बैठकीला बोलवा.