जुन्या ड्रमचे बाह्य आवरण : निवड, बदल आणि जतनाचा प्रश्न

प्रस्तावना :

पाश्चात्त्य संगीतातील ड्रमसंच हे प्रामुख्याने विसाव्या शतकात विकसित झालेले वाद्य होय. लाकडाचे पातळ थर एकमेकांवर चिकटवून त्याचे नळकांडे, म्हणजेच शेल, तयार केले जाते. अमेरिकेतील लडविग, स्लिंगरलँड, ग्रेच आणि इंग्लंडमधील प्रीमियर या उत्पादकांनी शेल रंगविण्याऐवजी त्यावर प्लॅस्टिकचा रंगीत पत्रा चिकटविण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली. शिंपल्यासारखी झाक किंवा चमकीचे कण असलेली ही आवरणे वाद्याची ओळख बनली. आज त्यांपैकी अनेक आवरणांचे वय पन्नास वर्षांहून अधिक आहे. ती पिवळी पडली आहेत, आक्रसली आहेत किंवा सांध्यावर तडकली आहेत. अशा वेळी आवरण जपावे की बदलावे, हा प्रश्न वादक, संग्राहक व संग्रहालये या सर्वांपुढे उभा राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे रसायन, कारागिरी आणि जतनविचार या तीन अंगांनी विवेचन केले आहे.

आवरणाचे द्रव्य :

जुन्या आवरणांपैकी पुष्कळशी सेल्युलॉइडची, म्हणजे सेल्युलोज नायट्रेट व कापूर यांच्या मिश्रणाची आहेत. कापरामुळे या द्रव्यास लवचीकपणा येतो. परंतु कापूर वर्षानुवर्षे हळूहळू उडून जातो. परिणामी पत्रा आक्रसतो व ठिसूळ होतो. आक्रसणाऱ्या पत्र्यास शेल जागेवर रोखून धरतो, त्यामुळे सर्व ताण सांध्यावर आणि स्क्रूच्या छिद्रांभोवती एकवटतो. तडे बहुधा तेथूनच सुरू होतात. प्रकाशातील अतिनील किरणांमुळे पांढरी मोतिया झाक पिवळी पडते. नायट्रेटचे विघटन पुढच्या टप्प्यावर गेल्यास नायट्रोजनची आम्लधर्मी संयुगे बाहेर पडतात व जवळचे धातूचे भाग गंजू लागतात.

हे द्रव्य अत्यंत ज्वालाग्राही असते. जुन्या चित्रफितीही याच द्रव्याच्या होत्या. पुण्यात २००३ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट चित्रफितींच्या साठ्याला आग लागून दुर्मीळ चित्रपटांची मोठी हानी झाली. त्यामुळे सेल्युलॉइडची हाताळणी हा महाराष्ट्रातील अभ्यासकांनाही परका विषय नाही.

मूळ आवरणाचे मोल :

रिंगो स्टार यांनी १९६३ साली लंडनमधील ‘ड्रम सिटी’ या दुकानातून काळ्या शिंपली झाकेचा लडविग संच घेतला. फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकन दूरचित्रवाणीवर झळकल्यानंतर लडविगच्या ड्रमची मागणी प्रचंड वाढली. रिंगो यांचा त्या झाकेचा पहिला लडविग संच २०१५ च्या लिलावात २० लाख डॉलरहून अधिक किमतीस विकला गेला. यावरून आवरण हे केवळ सजावट नसून वाद्याच्या इतिहासाचा पुरावा असते, हे स्पष्ट होते. ते एकदा काढले की हा पुरावा कायमचा नष्ट होतो. म्हणून सैल झालेली कड पुन्हा चिकटविणे वा लहान तडा स्थिर करणे शक्य असल्यास तोच मार्ग श्रेयस्कर ठरतो. परंतु आवरण शेलपासून सुटून वाजविताना खरखरत असेल किंवा त्याचे विघटन इतर भागांना बाधत असेल, तर बदल अपरिहार्य होतो. पूर्वीच कोणी रंग फासलेल्या अथवा मूळ आवरण गमावलेल्या वाद्याबाबत तर हा संकोच उरत नाही.

निवड व बदलाची प्रक्रिया :

मूळ रंग ओळखण्यासाठी लग, म्हणजे ताणाचे स्क्रू ज्यात बसतात तो धातूचा भाग, काढून त्याखालचा पृष्ठभाग पाहावा. प्रकाश न लागल्याने तेथील रंग बराचसा टिकून असतो. संचातील सर्व ड्रमसाठी एकाच खेपेचा पत्रा घ्यावा व नक्षीची दिशा सारखी ठेवावी.

पत्र्याची लांबी म्हणजे शेलचा बाहेरील परीघ अधिक सांध्यावरील सुमारे २.५ सेंटिमीटरचा आच्छाद. २२ इंची बेस ड्रमचा परीघ सुमारे १७५.५ सेंटिमीटर भरतो. म्हणजे सुमारे १७८ सेंटिमीटर लांबीचा पत्रा लागतो. मात्र नाममात्र मापावर न विसंबता प्रत्यक्ष शेलला फीत लावून मोजणे आवश्यक आहे. जुन्या आवरणावरच नवे चिकटविण्याचा मोह टाळावा. पत्र्याची जाडी अर्धा मिलिमीटर धरली तरी व्यास एक मिलिमीटरने वाढतो आणि ड्रमचे हेड कडेवर अडकून सुरात नीट बसत नाही.

जुना पत्रा काढताना सौम्य उष्णता द्यावी, ज्योत कधीही वापरू नये, खोली हवेशीर असावी. पत्रा लाकडाच्या रेषांच्या दिशेने सावकाश सोलावा. अन्यथा वरचा थर फाटतो. सेल्युलॉइड घासताना निघणारी भुकटीही धोकादायक असते. नवा पत्रा चिकटविल्यावर सांधा लगच्या रांगेखाली किंवा श्रोत्यांना न दिसणाऱ्या बाजूस ठेवावा. छिद्रे शेलमधील जुन्या छिद्रांच्या आधारेच पाडावीत. नवी छिद्रे पाडू नयेत.

निष्कर्ष :

१. आवरणाचा ऱ्हास मुख्यतः त्याच्या द्रव्यातच अंतर्भूत असतो. प्रकाश व उष्णता त्यास गती देतात.

२. दुरुस्ती शक्य असेल तेथे बदल टाळावा.

३. बदल करावयाचा झाल्यास आधी छायाचित्रे व मापे नोंदवावीत आणि मूळ आवरणाचा लहान तुकडा इतर वस्तूंपासून दूर, थंड व हवेशीर जागी जपावा.

४. वाद्य वाजते ठेवणे आणि त्याचा इतिहास जपणे ही दोन्ही उद्दिष्टे रास्त आहेत. त्यांपैकी कोणते प्रधान, हे प्रत्येक वाद्याची स्थिती पाहूनच ठरवावे लागते.