ट्रॅक्टरच्या ट्रान्समिशनमधील तेल केव्हा बदलावे? : तासांची नोंद आणि तेलाची पारख

इंजिनमधील तेल वेळेवर बदलण्याची सवय बहुतेक ट्रॅक्टरधारकांच्या अंगवळणी पडली आहे. आसनाखालच्या पेटीत, म्हणजे गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि मागील धुऱ्यात असलेल्या तेलाकडे मात्र लक्ष जाते ते लिफ्ट हिसके देऊ लागल्यावर किंवा ब्रेक लावताना घरघर ऐकू आल्यावर. तोपर्यंत आतील बेअरिंग, दाते किंवा हायड्रॉलिक पंप यांची झीज झालेली असते. दुरुस्तीसाठी ट्रॅक्टर मधोमध उघडावा लागतो. हे काम नेमके पेरणीच्या आठवड्यात निघाले, तर खर्चापेक्षाही हंगाम चुकल्याचे नुकसान मोठे ठरते.

दुसऱ्या बाजूस, कारण नसताना तेल बदलणेही परवडणारे नाही. इंजिनाला काही लिटर तेल पुरते. मध्यम अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरच्या ट्रान्समिशनमध्ये अनेकदा ३० ते ६० लिटर तेल मावते. म्हणून हा निर्णय सवयीने किंवा मेकॅनिकच्या तोंडी सल्ल्यावर न घेता तीन गोष्टी पाहून घ्यावा: ट्रॅक्टरने किती तास काम केले, तेलाची आजची अवस्था कशी आहे आणि पुढील हंगामात त्याच्याकडून कोणते काम करून घ्यायचे आहे.

एकाच तेलाकडे अनेक कामे

आपल्याकडील बहुसंख्य ट्रॅक्टरांत गिअर, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक लिफ्ट यांना एकाच टाकीतील तेल पुरवले जाते. तेलात बुडालेले ब्रेक असतील, तर तेही याच तेलात काम करतात. गिअरच्या दात्यांमध्ये प्रचंड दाबाखाली तेलाचा पातळ थर टिकून राहणे, लिफ्टमध्ये तेलाने दाब वाहून नेणे, ब्रेकच्या चकत्यांना आवश्यक तेवढेच घर्षण मिळणे आणि निर्माण झालेली उष्णता बाहेर पडणे, या सर्व अपेक्षा एका तेलाने पूर्ण करावयाच्या असतात.

इंजिनमधील तेलात ज्वलनाची काजळी मिसळते. ट्रान्समिशनमध्ये ज्वलन नसते. त्यामुळे येथे तेलाचे आयुष्य मोठे असते. तरीही उष्णता आणि हवेच्या संपर्काने तेलाचे ऑक्सिडीकरण होते, त्यातील रासायनिक पूरके हळूहळू खर्च होतात आणि धातूचे सूक्ष्म कण साचत जातात. सर्वसाधारण ठोकताळा असा, की तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की ऑक्सिडीकरणाचा वेग साधारण दुप्पट होतो. गाळप हंगामात उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या घेऊन रोज लांबचा रस्ता कापणारा ट्रॅक्टर आणि आंतरमशागतीपुरता वापरला जाणारा ट्रॅक्टर यांच्या तासांची संख्या सारखी असली, तरी त्यांच्या तेलाचे वय सारखे नसते.

तासांचा हिशेब कसा ठेवावा?

उत्पादकाच्या पुस्तिकेत तेल बदलण्याची मर्यादा दिलेली असते. अनेक मॉडेलसाठी ती १००० तासांच्या आसपास आहे. नव्या ट्रॅक्टरला पहिल्या काही तासांनंतर वेगळी सेवा सांगितलेली असते, कारण सुरुवातीला दाते एकमेकांशी जुळताना धातूचे कण अधिक सुटतात. तासांसोबत वर्षांची मर्यादाही दिली असल्यास, जी आधी पूर्ण होईल ती पाळावी. पुस्तिका हरवली असेल, तर मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेच्या अहवालांचा उपयोग होतो. चाचणी झालेल्या मॉडेलच्या अहवालात वंगणाचा प्रकार, त्याचे प्रमाण आणि बदलाचा कालावधी नमूद केलेला असतो.

वर्षाला ४०० तास चालणाऱ्या ट्रॅक्टरला १००० तास पूर्ण करण्यास अडीच वर्षे लागतात. अवजार बँकेतील ट्रॅक्टर हाच टप्पा एका वर्षात गाठू शकतो. कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ मध्ये सुरू झाल्यापासून अशा केंद्रांना चालना मिळाली आहे. तेथे चालक बदलत राहतात, म्हणून लेखी नोंद अत्यावश्यक ठरते.

तासमापक बंद असल्यास डिझेलच्या नोंदीवरून अंदाज बांधता येतो. समजा, ट्रॅक्टरला सरासरी ताशी ४ लिटर डिझेल लागते. तर ४,००० लिटर डिझेल म्हणजे सुमारे १००० तास. हा अंदाज स्थूल असला, तरी स्मरणशक्तीपेक्षा अधिक विश्वासार्ह आहे.

तेलाची पारख

पुस्तिकेतील आकडा सर्वसाधारण परिस्थितीसाठी असतो. तेल त्याआधीच निकामी झाले आहे का, हे शेतावरच तपासता येते.

*रंग :* तेल हळूहळू गडद होणे स्वाभाविक आहे. केवळ काळपटपणावरून तेल बदलण्याची आवश्यकता नसते. मात्र दुधाळ किंवा ताकासारखा रंग म्हणजे पाणी मिसळल्याची खूण होय. ट्रॅक्टर थांबवताच तेल पाहिले, तर हवेच्या बुडबुड्यांमुळेही ते फेसाळ दिसते. अर्धा तास थांबून पुन्हा पाहावे. फेस विरून तेल स्वच्छ झाले, तर ती हवा. दुधाळपणा कायम राहिला, तर ते पाणी.

*तळाचे पाणी :* ट्रॅक्टर सपाट जागी रात्रभर उभा ठेवावा. सकाळी इंजिन सुरू न करता तळाचा ड्रेन प्लग हलकेच सैल करून पहिले थेंब काचेच्या बाटलीत घ्यावेत. पाणी तेलाहून जड असल्याने मोकळे पाणी आधी बाहेर येते.

*तव्याची चाचणी :* तेलाचा एकच थेंब चांगल्या तापलेल्या जुन्या लोखंडी पत्र्यावर टाकावा. तडतड आवाज झाल्यास तेलात पाणी आहे. ही चाचणी करताना चष्मा लावावा, चेहरा दूर ठेवावा आणि तेलाचा साठा जवळ ठेवू नये.

*वास :* जळका, उग्र वास म्हणजे तेल प्रमाणाबाहेर तापले आहे. अशा वेळी तेल बदलावेच. सोबत ब्रेक अडकून राहतात का, हेही तपासावे.

*धातूचे कण :* चुंबकीय प्लगवर राखाडी रंगाचा बारीक लेप आढळणे ही नेहमीची झीज आहे. चमकदार पापुद्रे, चुऱ्याचे टोकदार तुकडे किंवा दात्याचा कण मिळाल्यास ट्रॅक्टर कामावर न पाठवता तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावा. पितळ आणि कांस्य चुंबकाला चिकटत नाहीत. त्यांचे सोनेरी कण स्ट्रेनरच्या जाळीत शोधावेत.

येथे एक मर्यादा लक्षात घ्यावी. नवे तेल झिजलेले बेअरिंग दुरुस्त करीत नाही. लिफ्ट जड वाटण्यामागे तेलाची कमी पातळी, तुंबलेला स्ट्रेनर किंवा सिलिंडरचे खराब सील अशी कारणे असू शकतात. कारण न शोधता तेल बदलले, तर खर्च होतो आणि दोष तसाच राहतो.

चिखलणीआधी की चिखलणीनंतर?

कोकण, पूर्व विदर्भ, तेलंगण, पंजाब किंवा पश्चिम बंगाल अशा भातपट्ट्यांत हा प्रश्न दरवर्षी उद्भवतो. काम करून तापलेली पेटी थंड पाण्यात उतरली की आतील हवा आकुंचन पावते आणि झिजलेल्या ऑइल सीलमधून, गिअरच्या दांड्यावरील फाटक्या रबरी आवरणातून किंवा बुडालेल्या ब्रीदरमधून पाणी आत ओढले जाते. तापलेल्या ट्रॅक्टरवर पाण्याचा जोरदार झोत मारून धुतल्यासही हेच घडते. बुदनी येथील चाचण्यांत ट्रॅक्टर चिखलात चालवून पाणी आत शिरते का, हे तपासले जाते. भातशेतीसाठी ट्रॅक्टर घेताना अहवालातील हा निष्कर्ष अवश्य वाचावा.

समजा, मे महिन्यात शेवटच्या तेलबदलानंतर ८०० तास झाले आहेत, मर्यादा १००० तासांची आहे आणि चिखलणीचे काम सुमारे १२० तासांचे आहे. तेल स्वच्छ व कोरडे असेल, तर आता ते बदलण्यापेक्षा सील, ब्रीदर आणि रबरी आवरणे दुरुस्त करावीत, चिखलणी पूर्ण करावी आणि लगेच तेल तपासून बदलावे. नव्या तेलात चिखलणीचे पाणी शिरले, तर तो सारा खर्च वाया जातो. याउलट ९५० तास झाले असतील, किंवा तेलात आधीच पाणी वा जळका वास असेल, तर हंगामापूर्वीच बदल करावा. चिखलणी चालू असताना तेल दुधाळ झाले, तर तासांचा विचार न करता काम थांबवावे. पाणी कोठून शिरले ते शोधून तो दोष दूर करावा आणि मगच नवे तेल भरावे. पाण्यामुळे बेअरिंगवर गंज चढतो आणि तेलाचा थर तुटतो. नुकसान तासागणिक वाढत जाते.

ऊस वाहतुकीसाठी क्रम उलटा असतो. तेथे धोका पाण्यापेक्षा उष्णतेचा आहे. गाळप हंगामात मर्यादा ओलांडली जाणार असेल, तर हंगामापूर्वीच तेल बदलणे श्रेयस्कर.

कोणते तेल भरावे?

पुस्तिकेत दिलेले मानांकनच पाळावे. बुडालेल्या ब्रेकसाठी तेलात घर्षण नियंत्रित करणारी पूरके असतात. साधे गिअर ऑइल भरल्यास ब्रेक घरघरतात किंवा झटक्याने लागतात. जीएल-४ सांगितलेल्या ठिकाणी जीएल-५ "अधिक भारी" म्हणून भरू नये, कारण त्यातील तीव्र दाबरोधक पूरके काही यंत्रांतील पितळी व कांस्य भागांना अपायकारक ठरू शकतात.

आणखी एक वाट सहसा ध्यानात येत नाही. उलटणारी ट्रॉली, पलटी नांगर किंवा लेझर लेव्हलर दुसऱ्याकडून आणून जोडला, की त्याच्या सिलिंडरमधील तेल आपल्या टाकीत येते. सोबत पाणी, धूळ आणि निराळ्या प्रतीचे तेलही येते. अशा वापरानंतर तेलाची पातळी व रंग तपासावा आणि जोडणीची टोके दरवेळी पुसून घ्यावीत.

बदल करताना

ट्रॅक्टर सपाट जागेवर, हँडब्रेक लावून, अवजार खाली टेकवून उभा करावा. तेल कोमट असताना काढावे. त्यासोबत तरंगणारा गाळ बाहेर येतो. मात्र हात भाजेल इतके ते गरम नसावे. गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि स्वतंत्र असल्यास चाकांजवळील पेट्या, असे सर्व प्लग उघडावेत. स्ट्रेनर धुवावा, फिल्टर आणि प्लगचे वॉशर नवे घालावेत. तेल भरल्यावर लिफ्ट काही वेळा वर-खाली करून, ती खाली असताना आणि इंजिन बंद करून काही मिनिटांनी पातळी पुन्हा पाहावी. दिनांक, तासमापकाचा आकडा, तेलाचे मानांकन आणि प्लगवर काय आढळले, यांची नोंद वहीत करावी.

वापरलेले तेल २०१६ च्या घातक टाकाऊ पदार्थांविषयीच्या नियमांत मोडते. ते नाल्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये, जनावरांच्या जखमांना लावू नये आणि जाळू नये. झाकणबंद डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडे द्यावे. गावातील ट्रॅक्टरधारकांनी एकत्र साठवण केल्यास वाहतुकीचा खर्च वाटून घेता येतो.

विस्तार कार्यकर्त्यांनी खरीपपूर्व मेळाव्यांत माती परीक्षणाच्या जोडीने तेल परीक्षणाचेही प्रात्यक्षिक घ्यावे. काचेची एक बाटली, तापलेला पत्रा, चुंबक आणि नोंदवही एवढे साहित्य पुरेसे आहे. प्रत्येक ट्रॅक्टरधारकाने आपल्या ट्रॅक्टरच्या तेलाचा नमुना सोबत आणावा आणि तपासणीचा निष्कर्ष त्याच दिवशी स्वतःच्या वहीत लिहून घरी न्यावा.