टाकीतली बाळंतपणं

'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' ही पाटी आपण सगळ्यांनीच आरोग्य केंद्राच्या भिंतीवर वाचलेली असते. मी ती जरा जास्तच मनावर घेतली. बारावीच्या सुट्टीत घरी दोन फुटी टाकी मांडली, दोन नर आणि चार माद्या सोडल्या. आठवड्याभरात सहापैकी चार उताणे!

मारले मीच. पाणी चकाचक हवं म्हणून रोज सगळं बदलायचो, तेही थेट नळाचं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांचे कल्ले जाळतं. बादलीत दिवसभर उघडं ठेवलं की ते बरंचसं उडून जातं. पण खरी भानगड अमोनियाची. मासे तो सतत बाहेर टाकतात, उरलेलं खाणं कुजूनही होतो. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन जीवघेणे, तिसरं थोडंफार चालतं. हे जिवाणू जमायला चार-सहा आठवडे लागतात, आणि मी स्पंज रोज नळाखाली खसाखसा धूत होतो. म्हणजे सिव्हिलवाल्यांच्या भाषेत, सांडपाण्याचा प्लँटच रोज उखडत होतो! आता आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं, आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळायचा.

उरल्या दोन माद्या. नर एकही नाही, म्हणून मी आशा सोडून हॉस्टेलला आलो. महिन्याभरात आईचा फोन, "अरे, पिल्लं झालीत! पण ही बया आपलीच पिल्लं खातेय!"

गप्पीची मादी नराचं वीर्य कित्येक महिने साठवून ठेवते, एका मीलनावर ओळीने अनेक वेती होतात. अंडी पोटातच उबतात आणि साधारण चार आठवड्यांनी पोहणारी पिल्लं बाहेर येतात. शेपटीकडच्या पोटावरचा डाग गडद झाला, पोट चौकोनी दिसायला लागलं, की दिवस भरले समजायचं. पिल्लाला आई ओळखत नाही. हलणारं बारीक काही दिसलं की खाणं. आमच्या आईने चहाच्या गाळणीने सतरा वाचवली. (ती गाळणी आता माशांचीच.) बाजारात जाळीचे डबे मिळतात, पण कोंडलेली मादी घाबरते. त्यापेक्षा जावा मॉस किंवा हायड्रिला दाट वाढवा, पिल्लं आपोआप लपतात.

खायला बोटांनी चुरलेले फ्लेक्स, दिवसातून तीन-चारदा, अगदी चिमूटभर. उकडलेल्या अंड्याचा बलकही चालतो, पण जास्त झाला की पाणी नासतं. महिन्याभरात नराचा पोटाखालचा पर काडीसारखा टोकदार होतो. तेव्हाच नर-माद्या वेगळे करा. एकत्र ठेवायचे तर एका नरामागे दोन-तीन माद्या, नाहीतर नर एकीच्याच मागे लागून तिला बेजार करतात.

संख्या बघता बघता वाढते. तरी जास्तीचे मासे नदीत किंवा तळ्यात सोडू नका. गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे. आपल्याकडच्या लहान माशांच्या खाण्यात ते वाटेकरी होतात, त्यांची अंडी-पिल्लंही खातात.

घरी सध्या साठच्या वर आहेत. आई फोनवर आधी त्यांची खबर सांगते, मग माझी विचारते. कुणाला हवे असतील तर पुढच्या सुट्टीनंतर आणून देईन. पण टाकी आणि फिल्टर आजच चालू करा, आणि मासे नसतानाही रोज चिमूटभर खाणं टाकत राहा. जिवाणूंना ते लागतं.