दहा मीटरसाठी स्कोप: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ठाण्याच्या कोपरीत, कळव्यात किंवा डोंबिवलीत कुणी पहिली एअर रायफल घेतली की पाठोपाठ स्कोपचा विषय निघतो. स्कोप लावला की नेम सुधारतो, आणि तो जितका मोठा, जितका 'पॉवरफुल', तितका नेम पक्का, ही समजूत त्यामागे बहुतेक वेळा असते. ती तपासायला ठाण्याबाहेर जायचीही गरज नाही. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील ऑक्टोबर २०२२ मध्ये कैरो येथे १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला. या प्रकारात अभिनव बिंद्राच्या २००६ मधल्या विजयानंतर हा मान मिळवणारा तो दुसरा भारतीय. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत दिव्यांश पनवार आणि ऐश्वर्य तोमर यांच्यासह त्याने १८९३.७ गुणांचा जागतिक विक्रम करून सांघिक सुवर्ण आणले. पनवेलला लक्ष्य शूटिंग क्लब चालवणाऱ्या सुमा शिरूर यांनी २००४ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण घेतले होते. यांपैकी एकाच्याही रायफलीवर स्कोप नव्हता, कारण या स्पर्धेच्या नियमांत दुर्बिणीला जागाच नाही. तिथे वापरतात ती पीप साइट: मागे बारीक भोक, पुढे एक कडे, आणि त्या कड्यात मधोमध बसवायचा लक्ष्याचा काळा गोल. तो गोल ३०.५ मिलिमीटर व्यासाचा, आणि त्याच्या केंद्रातला दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. दहा मीटरवरून तो ठिपका मोठे न करणाऱ्या साधनाने टिपता येत असेल, तर नेम आणि मोठे दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य करावे लागते.

यावर कुणी म्हणेल, ती जागतिक दर्जाची मंडळी, त्यांच्या रायफली लाखोंच्या; आपल्या साध्या रायफलीला तरी दुर्बिणीचा आधार हवा. आक्षेप रास्त वाटतो, पण नेमका उलटा आहे. छर्रे एका जागी पडणे किंवा विखुरणे हे नळी, छर्ऱ्याची जात, दस्ता खांद्याला टेकवण्याची पद्धत आणि चाप ओढणारे बोट यांवर ठरते. स्कोप यांपैकी कशालाही हात लावत नाही. विशेषतः स्प्रिंगची रायफल घट्ट आवळून धरली की छर्रे पसरतात आणि दोष स्कोपला किंवा त्याच्या अभावाला दिला जातो. म्हणून पैसे खर्च करण्याआधी एक चाचणी घ्यावी. रायफल मऊ उशीवर सैल टेकवून मूळच्या खाच-माशीच्या साइटनेच पाच-पाच छर्रे मारावेत, आणि दोन-तीन जातींचे छर्रे वापरून पाहावेत. छर्रे बदलताच पाच भोकांचा पुंजका लहान झाला, तर स्कोपच्या किमतीच्या अंशात मोठा लाभ पदरात पडला. राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर ओपन साइट, म्हणजे याच खाच-माशीच्या, एअर रायफलचा स्वतंत्र गटही असतो. ज्याला स्पर्धेत उतरायचे आहे त्याने स्कोपवर एक रुपयाही घालू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

मग स्कोप घ्यायचा कुणी? ज्याला स्पर्धा नको, घरच्या घरी किंवा गावाकडच्या आवारात कागदी लक्ष्यावर सराव हवा, आणि ज्याचे डोळे चाळिशी ओलांडून गेले आहेत, त्याने जरूर घ्यावा. उघड्या साइटमध्ये डोळ्याला मागची खाच, पुढची माशी आणि दूरचे लक्ष्य अशा तीन अंतरांवरच्या वस्तू एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. तरुण डोळा झरझर फिरून ते जमवतो. वय वाढले की जवळची माशी धूसर होते आणि चष्मा लावला तर लक्ष्य धूसर होते. स्कोप आतली नेमाची फुली आणि लक्ष्य दोन्ही एकाच प्रतलात आणून ठेवतो. स्कोपचा खरा फायदा हाच; मोठे दिसणे त्यानंतर येते. आणि हा फायदा चारपट वाढवणाऱ्या साध्या स्कोपमध्येही पूर्ण मिळतो.

इथे अंतराचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते सगळी निवड त्यावरच ठरायला हवी. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा आणि ०.१७७ इंचापर्यंतचा नळीचा आतला व्यास असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. अशी साधी रायफल छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने फेकत असेल, तर दहा मीटरवर तो सुमारे २२ मिलिमीटर खाली येतो आणि पन्नास मीटरवर जाईपर्यंत पाऊण मीटरच्या आसपास. शिवाय वाटेत वाऱ्याची झुळूक त्याला सहज बाजूला ढकलते. तेव्हा तिचे कामाचे अंतर दहा ते वीस मीटर. त्यात कोपरीसारख्या दाटीच्या वस्तीत सुरक्षित, बंदिस्त आणि मागे भक्कम आडोसा असलेली जागा दहा मीटरची मिळाली तरी पुष्कळ झाले. 'एकदाच मोठा स्कोप घेऊन टाकू, पुढे पन्नास मीटरला उपयोगी पडेल' हा युक्तिवाद या दोन गोष्टींपुढे टिकत नाही. पन्नास मीटर येणार कुठून, आणि आले तरी ही रायफल तिथे करणार काय?

बाजारात मात्र सर्वांत आकर्षक मांडणी असते ती ३-९×४० या स्कोपची. आकड्यांचा अर्थ असा: प्रतिमा तीनपासून नऊपटीपर्यंत मोठी, पुढचे भिंग ४० मिलिमीटरचे. आकडे चांगले दिसतात, पण यांतले स्वस्त नमुने पुष्कळदा बंदुकीसाठी आखलेले असतात आणि त्यांचे भिंग १०० यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर जुळवून कायमचे बसवलेले असते. दहा मीटरवर रोखले की दोन दोष एकदम उभे राहतात. पहिला डोळ्याला दिसतो: प्रतिमा धूसर होते, आणि पॉवर वाढवाल तशी अधिक धूसर. दुसरा दिसत नाही, म्हणून जास्त घातक: पॅरालॅक्स. डोळा स्कोपच्या मधोमध नसेल तर फुली लक्ष्यावर सरकलेली दिसते आणि रायफल जागची न हलताही नेम हलतो. हिशेब सोपा आहे. पुढच्या भिंगाचा निम्मा व्यास घ्यायचा आणि जुळवलेले अंतर व प्रत्यक्ष अंतर यांतल्या फरकाने गुणून जुळवलेल्या अंतराने भागायचे. २० गुणिले ८१ भागिले ९१, म्हणजे जवळजवळ १८ मिलिमीटर. डोळा अगदी कडेला गेला तर चूक एवढी होऊ शकते. स्पर्धेच्या लक्ष्यातला अख्खा काळा गोल केंद्रापासून कडेपर्यंत सव्वापंधरा मिलिमीटरचा आहे. म्हणजे रायफल निर्दोष, चाप निर्दोष, आणि तरी छर्रा काळ्याच्या बाहेर.

याच हिशेबातून पुढच्या भिंगाबद्दलचा गैरसमजही सुटतो. मोठे भिंग म्हणजे जास्त उजेड, म्हणून चांगले, असे सांगितले जाते. स्कोपमधून डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी म्हणजे भिंगाचा व्यास भागिले पॉवर. ४×२० मध्ये ती ५ मिलिमीटर आणि ४×३२ मध्ये ८. दिवसाउजेडी डोळ्याची बाहुली उघडते ती दोन ते चार मिलिमीटर. म्हणजे दिवसा दोन्ही स्कोप डोळ्याला सारखेच भरभरून उजेड देतात. ३२ चा फायदा एवढाच की डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी प्रतिमा काळी पडत नाही, आणि हा फायदा खरा आहे. पण ४० किंवा ५० चे भिंग जवळच्या अंतरावर पॅरालॅक्सची चूक वाढवते, स्कोप उंच बसवायला लावते आणि आधीच जड रायफल आणखी जड करते. पॉवरचेही तसेच. 'चारपट फार कमी' म्हणणाऱ्याने हे पाहावे की चारपट स्कोपमधून दहा मीटरवरचे लक्ष्य अडीच मीटरवर असल्यासारखे दिसते. तेवढ्या अंतरावरून कागदातले साडेचार मिलिमीटरचे भोक स्पष्ट दिसते. नऊपटीला भोक मोठे दिसेल, पण हाताची थरथरही नऊपट दिसेल, आणि ती पाहून नवखा नेमबाज फुली केंद्रावरून जाताना घाईने चाप ओढतो.

तेव्हा कमी खर्चातला योग्य स्कोप दोन प्रकारचा. खिसा आखडता असेल तर एअरगनसाठी बनवलेला, जवळच्या अंतराला जुळवलेला ठरावीक पॉवरचा ४×३२. कमी पॉवरला धूसरपणा फार जाणवत नाही. थोडे अधिक घालता येत असेल तर ज्याच्या पुढच्या भिंगाचे कडे फिरवून अंतर जुळवता येते असा, आणि त्या कड्यावरचा सर्वांत लहान आकडा १० यार्ड असलेला. ही एक सोय नऊपट पॉवर, हिरवे-लाल दिवे आणि ठिपक्यांची फुली या सगळ्यांपेक्षा मोलाची आहे. काही रायफलींसोबत मिळणारा पाऊण इंची नळीचा ४×२० डोळ्याला फार काटेकोर जागा मागतो आणि त्याच्या नेम जुळवायच्या घुंड्या भरवशाच्या नसतात. तो टाळलेला बरा. दुकानातच परीक्षा घेता येते. स्कोप टेबलावर स्थिर ठेवून दहा मीटरवरची एखादी पाटी पाहावी आणि डोके हळूच वरखाली, डावीउजवीकडे हलवावे. फुली पाटीवर पोहत असेल तर तो स्कोप तुमच्या अंतराचा नाही, किंमत काहीही असो.

'एअर रायफलीला झटका तो केवढा, कुठलाही स्कोप चालेल' हा समज अनेक चांगल्या स्कोपांचा बळी घेतो. स्प्रिंगच्या रायफलीत पिस्टन पुढे सुटताना रायफल मागे जाते, आणि पिस्टन नळकांड्याच्या टोकाला थडकून थांबताच ती जोरात पुढे हिसकते. बंदुकीचा झटका एकाच दिशेचा, हा दुहेरी. एकाच दिशेचा धक्का सोसायला बांधलेल्या महागड्या स्कोपची फुली यात तुटू शकते, भिंग जागचे सरकू शकते. म्हणून स्प्रिंग रायफलीसाठी 'एअरगन' असा स्पष्ट उल्लेख असलेलाच स्कोप घ्यावा. हवा भरून चालणाऱ्या पीसीपी रायफलीला झटका नगण्य असतो, तिथे ही अट शिथिल होते. स्कोप रायफलीवर पकडून ठेवणाऱ्या माउंटकडे तर बहुतेकांचे लक्षच जात नाही. एअर रायफलींवर बहुधा ११ मिलिमीटरची खाच असते, बंदुकीच्या माउंटना सुमारे २१ मिलिमीटरची पट्टी लागते. एकाचे दुसऱ्यावर बसत नाही. योग्य माउंट बसवला तरी प्रत्येक छर्ऱ्याला तो केसभर मागे सरकत जातो, म्हणून अडवणारी खीळ असलेला, शक्यतो एकसंध माउंट घ्यावा. नळी मोडून भरायच्या पुष्कळ रायफलींची नळी किंचित खाली झुकलेली असते. त्यामुळे खाली लागणारा छर्रा वर आणायला घुंडी वर चढवत चढवत शेवटाला नेली की आतली स्प्रिंग सैल पडते आणि नेम भटकू लागतो.

जुळवणीतला एक घोळ तर निव्वळ आकडेमोडीचा आहे. घुंडीवर लिहिलेले असते: एक क्लिक म्हणजे पाव इंच. ते १०० यार्डांवर. दहा मीटरवर तोच क्लिक छर्रा पाऊण मिलिमीटरपेक्षाही कमी हलवतो. छर्रा इंचभर डावीकडे पडत असेल तर चार नव्हे, सुमारे पस्तीस क्लिक द्यावे लागतात. चार क्लिक देऊन काहीच हलले नाही म्हणून कित्येक स्कोप बिघडलेले ठरवून परत केले जातात. शिवाय स्कोप नळीच्या चार-एक सेंटिमीटर वर बसतो. मघाच्याच रायफलीवर दहा मीटरला नेम जुळवला आणि पाच मीटरवर मारला, तर छर्रा दीडएक सेंटिमीटर खाली लागेल. लक्ष्य जवळ आले आणि छर्रा खाली गेला, यात बिघाड काही नाही. दृष्टीची रेघ आणि छर्ऱ्याची वाट अजून एकमेकींना भेटलेल्या नसतात, इतकेच.

खाडीकाठच्या हवेबद्दल थोडक्यात: मिठबंदरपासून कल्याणपर्यंत पावसाळ्याचे चार महिने दमट असतात आणि भिंगांवर बुरशी धरते. नायट्रोजन भरून बंद केलेला स्कोप आतून धुरकटत नाही; बाहेरच्या काचांसाठी सिलिका जेलच्या पुड्या घातलेला घट्ट झाकणाचा डबा पुरतो. फोमच्या पिशवीत महिनोन् महिने कोंडून ठेवणे सर्वांत वाईट.

शेवटचा गैरसमज सर्वांत गंभीर. परवाना लागत नाही म्हणजे कुठेही, कशावरही मारता येते, असे नाही. छर्रा दोन-तीनशे मीटर जाऊ शकतो, आणि कोपरीतल्या गच्चीवरून तेवढ्या अंतरात शेकडो खिडक्या येतात. दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल अशी बेदरकार कृती भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली गुन्हा आहे, कुणाला लागले नसले तरी. पक्ष्यांवर, माकडांवर नेम धरणाऱ्याची गाठ वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ शी आणि प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्याशी पडते. शेजारच्या ठाणे खाडीत तर २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. स्कोपमुळे लांबचे दिसते म्हणून लांबवर मारावे, असा मोह होतो. स्कोपमधून लक्ष्याच्या मागचे आणि आजूबाजूचे मात्र कमी दिसते. तेव्हा स्कोप घेण्याआधी बंदिस्त जागा, मागे जाड आडोसा आणि छर्रे अडवणारी पेटी यांची सोय करा. ती होत नसेल, तर ते पैसे जवळच्या शूटिंग रेंजच्या शुल्कात घाला. तिथे पीप साइटची रायफल हातात मिळते आणि चूक दाखवणारा प्रशिक्षकही शेजारी उभा असतो.