कोड खुला, पडताळणी सक्तीची
पुढच्या १० वर्षांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येण्याची शक्यता किती, हे सांगणारं ब्रिटनमधलं गणितसूत्र म्हणजे क्यूरिस्क-२. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांच्याबरोबर ते वंशही विचारतं; त्यात ‘भारतीय’ हा स्वतंत्र पर्याय आहे. त्याचा सोर्स कोड एलजीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला झाला, पण एका ठळक सूचनेसह: कुणाच्या हातून चुकून गुणांक बदलले, तर परवाना ते रोखू शकत नाही, मूळ कोडसारखंच उत्तर येतं का, हे वापरणाऱ्यानेच तपासावं. सूचना अगदी रास्त होती. २०१६मध्ये इंग्लंडमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या एका संगणकप्रणालीत याच सूत्राची आकडेमोड चुकत असल्याचं उघड झालं आणि अनेक रुग्णांची जोखीम पुन्हा तपासावी लागली.