शहर सोडून गावात गेलेला फुटबॉलपटू: बॉब रोज यांची कारकीर्द

मेलबर्नच्या कॉलिंगवूड क्लबचे आघाडीचे खेळाडू बॉब रोज यांनी १९५५ च्या हंगामानंतर क्लब सोडला, तेव्हा ते अवघे २७ वर्षांचे होते. क्लबच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यांना चार वेळा मिळाला होता आणि १९५३ च्या विजेत्या संघातही ते होते. असा खेळाडू ऐन उमेदीत सुमारे २५० किलोमीटर दूरच्या वँगरॅटा या गावी का गेला?

याचे उत्तर त्या काळच्या अर्थव्यवहारात आहे. मेलबर्नच्या मुख्य स्पर्धेत १९३० पासून खेळाडूंच्या मानधनावर कमाल मर्यादा होती. क्लब कितीही श्रीमंत असला, तरी नियमानुसार त्याला अधिक देता येत नसे. ग्रामीण क्लबांवर हे बंधन नव्हते. नामवंत खेळाडूला ‘खेळाडू-प्रशिक्षक’ म्हणून बोलावून ते चांगला मोबदला देऊ शकत. मैदानावर स्वतः खेळायचे आणि त्याच वेळी संघही घडवायचा, अशी ही दुहेरी जबाबदारी असे. रोज स्वतः नाया वेस्ट या छोट्या गावातून आलेले. गावचे फुटबॉल त्यांना परके नव्हते.

वँगरॅटा रोव्हर्स हा क्लब व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स यांच्या सीमाभागातील ‘ओव्हन्स अँड मरी’ स्पर्धेत १९५० मध्येच दाखल झाला होता. रोज यांनी तो १९५६ ते १९६२ या काळात सांभाळला आणि १९५८ व १९६० अशी दोन विजेतेपदे मिळवून दिली. स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचे पदकही त्यांनी दोनदा पटकावले.

१९६४ मध्ये ते प्रशिक्षक म्हणून कॉलिंगवूडला परतले. पुढची कहाणी समजण्यासाठी या खेळाची गुणपद्धती माहीत हवी. मैदानाच्या प्रत्येक टोकाला चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू पायाने मारला की गोल, म्हणजे सहा गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर ‘बिहाइंड’, म्हणजे एकच गुण. रोज यांचा संघ तीन वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि तिन्ही वेळा हरला. १९६४ मध्ये मेलबर्नकडून ४ गुणांनी. १९६६ मध्ये सेंट किल्डाकडून ७४-७३ असा, म्हणजे एका बिहाइंडच्या फरकाने. १९७० मध्ये १,२१,६९६ प्रेक्षकांसमोर मध्यंतराला ४४ गुणांची आघाडी असूनही कार्लटनने १० गुणांनी बाजी मारली.

कॉलिंगवूडमधील ही कारकीर्द १९७१ मध्ये संपली व ते फुटस्क्रे क्लबकडे गेले. १९७४ मध्ये त्यांचा मुलगा रॉबर्ट, जो व्हिक्टोरियाकडून क्रिकेटही खेळत असे, मोटार अपघातात कायमचा अपंग झाला. पुढील पंचवीस वर्षे, १९९९ मध्ये रॉबर्टचे निधन होईपर्यंत, कुटुंबाने त्याची शुश्रूषा केली. दुसरे पुत्र, कवी पीटर रोज यांनी ‘रोज बॉईज’ या पुस्तकात हा काळ नोंदवला आहे.

२००३ मध्ये बॉब रोज निवर्तले. महानगरातील तीन निसटत्या पराभवांमुळे त्यांना ‘दुर्दैवी प्रशिक्षक’ म्हणणे सोपे आहे. पण मग वँगरॅटाची सात वर्षे हिशेबाबाहेर राहतात. नवख्या क्लबला जिंकायला शिकवणारे प्रशिक्षक रोजच होते, आणि त्याच कामगिरीनंतर मोठ्या क्लबने त्यांना परत बोलावले. ग्रामीण फुटबॉल ही त्यांची निवृत्ती नव्हती. प्रशिक्षक म्हणून ते तिथेच घडले.