खणातला निखारा

मुंबईतील कोणत्याही मध्यमवर्गीय घरात एक असा खण असतो की, त्यात काय काय आहे हे घरधन्यासही नीटसे सांगता येत नाही. कोणत्या कुलपाच्या होत्या याचा विसर पडलेल्या किल्ल्या, विजेची जुनी बिले, एखादी लग्नपत्रिका, मुदत टळलेल्या गोळ्या आणि या सर्वांच्या तळाशी, ‘असू दे, कधी तरी उपयोगी पडेल’ म्हणून ठेवून दिलेले दोन-तीन जुने मोबाईल व एखादी पॉवर बँक! आमच्या कार्यालयातही असा एक खण आहे. गेल्या पावसाळ्यात तो साफ करण्यास घेतला तेव्हा त्यातील एका मोबाईलची पाठ पुरीसारखी फुगलेली आढळली. त्याची काच चौकट सोडून वर उचलली गेली होती, आणि जवळ नेताच गोडसर, नेलपॉलिशची आठवण करून देणारा वास येत होता. तो कितीएक महिने वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांपासून हातभर अंतरावर पडून होता, हे ध्यानी येताच आमच्या अंगावर काटा उभा राहिला.

त्यानंतर आमची जी वणवण झाली ती वाचकांच्या कानावर घालावी असे आम्हांस वाटते. कारण उद्या तीच त्यांच्याही वाट्याला यावयाची आहे. एका सर्व्हिस सेंटरमध्ये सांगण्यात आले की, वॉरंटी संपलेल्या मालाशी आमचा संबंध नाही. एका सार्वजनिक कार्यालयात आमचा दूरध्वनी चार टेबले फिरला आणि अखेरीस ‘सुक्या कचऱ्यात टाकून द्या’ असा सल्ला मिळाला. एका भंगारवाल्याने मात्र तत्परता दाखविली. त्याने दहा रुपये देऊ केले आणि मोबाईल उघडण्यासाठी पेचकस पुढे केला. या तिघांमध्ये सर्वांत प्रामाणिक तोच, परंतु सर्वांत मोठा धोकाही त्याच्याच हातून आणि त्याच्याच हाताला होता.

हा धोका नेमका कशाचा, हे समजून घेतले पाहिजे. लिथियम-आयन बॅटरी प्रथम बाजारात आली ती १९९१ साली, सोनी या जपानी कंपनीमार्फत. तिच्या घडणीबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. (गुडइनफ त्यावेळी ९७ वर्षांचे होते. पासष्टी उलटताच स्वतःस निकामी ठरविणाऱ्या आपल्या समाजाने याची नोंद घ्यावी!) या विद्युतघटात एका बाजूस तांब्याच्या पत्र्यावर ग्रॅफाईट, दुसऱ्या बाजूस ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लिथियमयुक्त धातूंची संयुगे आणि दोहोंच्या मध्ये केसाहूनही पातळ असा प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा असतो. या सर्वांना भिजवून ठेवणारा द्रव सहज पेट घेणारा असतो. घट पडला, चेपला, भलत्याच चार्जरवर तापला किंवा नुसता जुना झाला, की आतील द्रवाचे विघटन होऊन वायू साठतो. फुगवटा येतो तो यामुळे. आणि मधला पडदा फाटला, की दोन्ही बाजू एकमेकींस भिडतात, उष्णता वाढते, उष्णतेने रासायनिक क्रिया वाढते, त्या क्रियेने पुन्हा उष्णता वाढते, आणि काही क्षणांत सारे प्रकरण आटोक्याबाहेर जाते. काही प्रकारच्या घटांत तर तापलेले संयुग स्वतःच प्राणवायू सोडते. म्हणजे आग कोंडून गुदमरविण्याचा आपला नेहमीचा उपायही तेथे लंगडा पडतो. शिवाय निघणाऱ्या धुरात हायड्रोजन फ्लोराईडसारखे विषारी वायू असतात.

हे भय केवळ पुस्तकी नव्हे. २०१३ च्या जानेवारीत याच जातीच्या बॅटऱ्यांमुळे बोइंग ७८७ विमाने जगभर जमिनीवर खिळवून ठेवावी लागली. २०१६ साली सॅमसंगला आपला गॅलक्सी नोट ७ हा मोबाईल परत मागवून अखेर त्याचे उत्पादनच बंद करावे लागले. न्यूयॉर्क शहरात एकट्या २०२३ साली या बॅटऱ्यांनी लागलेल्या आगींत अठरा माणसे दगावली. त्यांतील बऱ्याच आगी विजेवरच्या सायकलींच्या होत्या. आपल्याकडे सप्टेंबर २०२२ मध्ये सिकंदराबाद येथे एका लॉजखालील ई-स्कूटरच्या दुकानात आग लागली आणि वर उतरलेल्यांपैकी आठ जणांना प्राणास मुकावे लागले. विमाने बनविणाऱ्यांची ही कथा, तर चाळीतील जिन्याखाली स्कूटरची बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावून निजणाऱ्याची काय?

तेव्हा बॅटरी फुगली, गळू लागली, वाजवीपेक्षा तापू लागली अथवा पडून चेपली तर काय करावे? प्रथम, चार्जिंग तत्काळ थांबवावे व संच बंद करावा. ‘एकदा चार्ज करून आतले फोटो काढून घेऊ’ हा मोह सर्वांत घातक. फोटो कितीही प्रिय असोत. फुगवटा दाबून बसविण्याचा किंवा टाचणीने वायू सोडण्याचा प्रयत्न कोणी करू नये. बॅटरी सहज निघणारी असेल तरच काढावी आणि तिच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी. आत चिकटविलेली असेल तर संच जसाच्या तसा राहू द्यावा. नंतर मातीच्या कुंडीत किंवा पत्र्याच्या बादलीत कोरडी वाळू घेऊन त्यात ती पुरावी आणि कुंडी गॅलरीत, उन्हापावसापासून व कपड्यांपासून दूर ठेवावी. घट्ट झाकणाचा डबा वापरू नये, कारण वायूला वाट हवी. फ्रीजमध्ये ठेवणे किंवा मिठाच्या पाण्यात बुडविणे हे ऐकीव उपाय आमच्याही कानी आले आहेत. ते घरी करण्याजोगे नाहीत. आणि अशी बॅटरी बरोबर घेऊन विमानात बसू नये, त्यास मनाईच आहे.

धूर येऊ लागला किंवा सुसकारे ऐकू आले तर मात्र ती वस्तू उचलून बाहेर धावण्याचे शौर्य नको. माणसे बाहेर काढावी, दार ओढून घ्यावे आणि १०१ क्रमांकावर अग्निशमन दलास कळवून ‘आग बॅटरीची आहे’ हे स्पष्ट सांगावे. विझली असे वाटणारी ही आग काही तासांनी पुन्हा भडकू शकते. म्हणूनच जवान तिच्यावर दीर्घकाळ पाणी मारून तिला थंड करतात.

येथवर झाले ते नागरिकाचे काम. आता प्रश्न असा की, वाळूत पुरलेली ही बला त्याने न्यावी कोठे? केंद्र सरकारने २२ ऑगस्ट २०२२ रोजी बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम जारी केले. त्यापूर्वीचे २००१ चे नियम शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांपुरतेच होते. नव्या नियमांनी लिथियमसह सर्व प्रकार कक्षेत घेतले आणि वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांचा पुनर्वापर घडवून आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. फुली मारलेल्या कचरापेटीचे जे चित्र बॅटरीवर छापलेले असते त्याचा अर्थ हाच. ग्राहकानेही बॅटरी घरच्या कचऱ्यात मिसळू नये, असे हेच नियम सांगतात. म्हणजे ‘सुक्या कचऱ्यात टाका’ हा आम्हांस मिळालेला सल्ला नियमांना सोडून होता, आणि वॉरंटीची सबब सांगून हात झटकणे हेही या नियमांच्या हेतूला धरून नव्हते. ग्राहक बॅटरी परत देतो ती भरपाई मागण्यासाठी नव्हे!

नगरपालिकांचेही तसेच. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या ‘घरगुती घातक कचरा’ ठरवून, तो स्वीकारण्यासाठी दर वीस चौरस किलोमीटरांमागे एक केंद्र उभारण्याचे बंधन स्थानिक संस्थांवर घातले. बृहन्मुंबईचे क्षेत्रफळ साडेचारशे चौरस किलोमीटरांच्या आसपास धरले तर अशी बावीस-तेवीस केंद्रे या महानगरात हवीत. आमच्या वाचकांपैकी कितीजणांना आपल्या घराजवळच्या केंद्राचा पत्ता ठाऊक आहे? केंद्र कागदावर असून माणसाला त्याचा पत्ता नसेल, तर ते असून नसल्यासारखेच. पोस्टाची पेटी कोठे आहे हे पूर्वी शाळकरी पोरही सांगत असे, कारण ती लाल होती आणि नाक्यावर होती.

या बेफिकिरीचे मोल कोण देतो? आपण देत नाही. आपला डबा सकाळी दाराबाहेर जातो आणि आपण हात धुतो. ती बॅटरी कचऱ्याच्या गाडीत जाते. गाडीतील यंत्र कचरा दाबून घट्ट करते, आणि फुगलेल्या घटाला नेमका तोच दाब सोसत नाही. तेथून वाचली तर ती वर्गीकरण करणाऱ्या बाईच्या हाती येते, जिच्या हातात बहुधा मोजाही नसतो. त्यातूनही सुटली तर धारावी-कुर्ल्याच्या एखाद्या गाळ्यात कोणी कोवळा पोरगा हातोडीने ती फोडतो. देवनारची कचराभूमी २०१६ च्या जानेवारीत पेटली आणि तिच्या धुराने पूर्व उपनगरांचा श्वास कोंडला, हे मुंबईकर विसरलेले नाहीत. ती आग बॅटरीने लागली असे आम्ही म्हणत नाही. परंतु एकदा पेटलेली कचराभूमी विझविणे किती दुष्कर असते, हे तिने दाखवून दिले. तेथे रोज नव्या काड्या नेऊन टाकणे याला काय म्हणावे?

आणि हा केवळ टाकाऊ माल आहे, असेही नाही. त्यात लिथियम, कोबाल्ट, निकेल, तांबे असते. लिथियम आणि कोबाल्टसाठी आपला देश परदेशांवर अवलंबून आहे. योग्य कारखान्यात या बॅटऱ्या सुरक्षितपणे भरडून त्यांची काळी भुकटी करतात आणि आम्लांच्या साह्याने त्यातील धातू वेगळे काढतात. म्हणजे एकीकडे परकीय चलन मोजून जे आणावयाचे, तेच दुसरीकडे कचऱ्यात लोटून त्याची आग विझविण्यावर खर्च करावयाचा!

आमची मागणी मोठी नाही. मोबाईल विकणाऱ्या प्रत्येक मोठ्या दुकानाने फुगलेल्या बॅटरीसाठी वाळूचा एक डबा दाराशी ठेवावा. पालिकेने केंद्रांचे पत्ते विभागवार छापून मालमत्ता-कराच्या बिलासोबत घरोघर धाडावेत. गृहनिर्माण संस्थांनी महिन्यातील एक रविवार या वस्तूंसाठी राखावा आणि जमलेला माल नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच जाईल हे पाहावे. यासाठी नव्या कायद्याची वा नव्या समितीची गरज नाही.

आमचा तो मोबाईल अकरा दिवस गॅलरीतील कुंडीत, तुळशीच्या शेजारी, वाळूत होता. बाराव्या दिवशी दुसऱ्या एका सर्व्हिस सेंटरने, ‘फुगलेला आहे’ असे आधी सांगूनही, काही न बोलता तो स्वीकारला. तेथील मुलीने तो कुंडीसकट ठेवून घेतला आणि कुंडी पुढल्या आठवड्यात येऊन न्या म्हणाली.